भाऊ दाजी आणि दृष्टीआडचा जंतू

पेडणे महालाने मुंबईला दिलेल्या माणसांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्थान फार वरचे आहे. जन्म १८२२ चा, मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडील मुंबईत मातीच्या बाहुल्या विकत. बुद्धिबळातील मुलाची चमक एका इंग्रजाच्या नजरेत भरली आणि इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी झाली.

१८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा भाऊ पहिल्याच तुकडीत होते. तोवर आपल्याकडे वैद्यकी बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. येथे शवविच्छेदनाचे मेज सर्वांना एकच आणि हात लावण्याआधी रीत शिकणे सर्वांनाच भाग. आज विद्यापीठाच्या सामायिक सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याला ऑनलाइन धडे पुरे करावे लागतात, त्यामागे हीच शिस्त आहे. १८५१ मध्ये पदवी घेऊन भाऊंनी बंधू नारायण यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

शिलालेखांचे वाचन, मुंबईचे संग्रहालय, दोनदा लाभलेले शेरीफपद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे खरे अवघड काम मात्र कुष्ठरोगाचे, असे आम्हास वाटते. समाजाने गावाबाहेर काढलेल्या रोग्यांवर त्यांनी प्राचीन ग्रंथांतील औषधे पारखून पाहिली. त्यांत कडू कवठाच्या, म्हणजे गोव्यातील खष्टाच्या, बियांचे तेल होते. गुण आला की नाही, हे ठरवायला आधार दोनच: चट्टे फिके झाले का आणि बधिर कातडीत संवेदना परतली का. रोगाचे मूळ दृष्टीआडच राहिले.

त्याच ग्रँट महाविद्यालयात १८५८ साली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर शिकवायला आले. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’तील चित्रे काढणारे ते हेच. त्यांनी कुष्ठाने ग्रासलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासल्या. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सेन यांना त्या ऊतींत काडीसारखे जंतू दिसले. रोग पूर्वजांच्या पापाने होत नाही, जंतूने होतो, असे म्हणायला आता आधार मिळाला.

भाऊंना त्या नव्या वाटेवर चालण्यास अवधी मिळाला नाही. १८६५ च्या शेअरबाजारातील कोसळणीत संपत्ती आधीच गेली होती. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. खष्टाच्या कुळातील झाडांचे तेल मात्र १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभरच्या कुष्ठरोग्यांना टोचले जात होते.