एका लेखापायी घर सोडलेला माणूस

ट्रिप ठरली की तुम्ही आधी काय बघता? तिकीट, राहायची सोय, बजेट आणि परतीची तारीख. धर्मानंद कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. डोक्यात फक्त एका लेखाने लावलेलं वेड होतं. ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं होतं आणि हा माणूस नेमकं काय सांगून गेला, हे मुळातून समजून घ्यायचं होतं.

कोसंबी म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना इतिहासकार आणि गणिती दा. ध. कोसंबी आठवतील. हे त्यांचे वडील. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ गाव. शाळा जेमतेम झालेली, काम घरच्या माडांच्या बागेचं, लग्न लहानपणीच झालेलं. १८९९ च्या अखेरीस ते निघाले तेव्हा घरात बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. हे आपण सहसा भरकन वाचून पुढे जातो. जरा थांबा. पोर्तुगीज गोव्यातल्या एका खेड्यात, नवरा निघून गेलेली बाई लहान मुलीला घेऊन कशी राहिली असेल? कोसंबींच्या प्रवासाची निम्मी किंमत बाळाबाईंनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पुणे, मग ग्वाल्हेर, तिथून काशी. बुद्ध समजायला संस्कृत हवं, म्हणून काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. मग वाटलं, बौद्ध धर्म जिवंत पाहायचा तर नेपाळला जायला हवं. १९०२ मध्ये पायपीट करत तिथे पोचले आणि पार हिरमुसले. पुस्तकातून मनात उभा केलेला धर्म त्यांना तिथे दिसेना. तुम्ही-आम्ही असतो तर सरळ परतीची वाट धरली असती. ते बोधगयेला गेले. तिथे भेटलेल्या एका भिक्षूने सांगितलं की त्रिपिटक शिकायचं तर सिलोनला जा. सिलोन म्हणजे आजचं श्रीलंका.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले आणि तिथेच त्यांनी दीक्षाही घेतली. आता गंमत बघा. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत. म्हणजे ज्या देशात जाल तिथली अक्षरं पुन्हा पहिलीतल्या मुलासारखी गिरवायची! सिलोननंतर ते ब्रह्मदेशातही राहून आले. आणि या सगळ्या भटकंतीत त्यांचा मूळ प्रश्नच हळूहळू बदलला. घर सोडताना स्वतःच्या मनाला शांती हवी होती. परत येताना दुसरीच गोष्ट टोचत होती. हे सगळं इथलंच ज्ञान, मग ते शिकायला समुद्र ओलांडावा का लागतो?

सुमारे सात वर्षांनी ते पुन्हा घरच्यांना भेटले आणि चीवर बाजूला ठेवून संसारात परतले. कलकत्त्यात पाली शिकवू लागले, पगार महिना २५० रुपये. त्या काळात ही रक्कम घसघशीत होती. पण त्यांना काम महाराष्ट्रात करायचं होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले आणि ते त्यांनी घेतले. पॅकेजच्या गप्पा मारणाऱ्या आपल्याला हे गणित पचणं कठीणच.

पुढे १९१० मध्ये थेट अमेरिका. जेमतेम शाळा शिकलेला हा माणूस हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाला बसला. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून वाद झाला आणि १९१२ मध्ये ते परत आले. मात्र अमेरिकेत त्यांनी समाजवादाचं वाचन केलं आणि तेही डोक्यात घर करून बसलं. बुद्धाची करुणा आणि कामगाराची भाकरी हे प्रश्न त्यांना वेगळे वाटेनासे झाले. मग फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणं, पुन्हा हार्वर्ड, रशियात लेनिनग्राड, परतल्यावर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंग. परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभारला. ज्याला एकेकाळी हिमालयापलीकडे शोधलं, तो बुद्ध चाळीतल्या माणसांपर्यंत न्यायचा होता.

१९४० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी देवनागरीत छापून आणला. आता मराठी मुलाला तो वाचण्यासाठी सिंहली किंवा बर्मी अक्षरं गिरवायची गरज उरली नाही. हार्वर्डची आवृत्ती मात्र निघाली १९५० मध्ये. तोवर कोसंबी नव्हते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता.

‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. वाचताना एक करा. बाळाबाई त्यात किती पानांवर येतात, तेही मोजा.