उद्याशी व्यवहार करणारे केन्स

जॉन मेनार्ड केन्स हे नाव उच्चारले की मंदीच्या काळात सरकारने हात आखडता न घेता खर्च करावा, हा विचार आठवतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेवढेच केन्स परीक्षेपुरते पुरतात. वास्तविक या माणसाला आयुष्यभर छळणारा प्रश्न निराळाच होता. उद्या काय होणार हे कळत नाही, आणि तरीही पैसा आजच गुंतवावा लागतो. मग निर्णय घ्यायचा तो कशाच्या आधारावर? विशेष म्हणजे हा प्रश्न त्यांनी केवळ पुस्तकात हाताळला नाही, स्वतःच्या खिशाला चाट लावून हाताळला.

५ जून १८८३ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील अर्थशास्त्राचे अध्यापक, तर आई पुढे त्याच शहराची महापौर झाली. १९०६ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षेत केन्स दुसरे आले आणि पहिल्या क्रमांकाला मिळणारी अर्थखात्यातील जागा हुकल्याने लंडनच्या इंडिया ऑफिसात रुजू झाले. तेथे आरंभी त्यांच्यावर सोपविलेले काम होते आयरशायर जातीचे दहा तरुण बैल मुंबईला रवाना करण्याचे! भारतात ते कधीच आले नाहीत. तरीही त्यांचे पहिले पुस्तक भारतीय चलनावर होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार केला. दहा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात या मताचा कठोर समाचार घेतला. रुपये किती पाडावेत हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर उद्या त्याचे मोल कोण राखणार, अशी त्यांची शंका होती. हा वाद आपल्याकडे अधिक वाचला जायला हवा होता.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या वाटाघाटींत केन्स ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी होते. जर्मनीवर लादली जाणारी नुकसानभरपाई साऱ्या युरोपला घेऊन बुडेल, हे दिसताच जून १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षअखेर पुस्तक लिहून तसा इशारा दिला. या पुस्तकाने ते जगप्रसिद्ध झाले.

मात्र इशारा देऊन ते थांबले नाहीत. युरोपीय चलने घसरणार या खात्रीने त्यांनी चलनबाजारात सट्टा मांडला. त्यात स्वतःचा पैसा होता, तसाच आप्तमित्रांचाही. अंदाज चुकीचा नव्हता. पुढे जर्मन मार्कची झालेली दुर्दशा सर्वज्ञात आहे. पण १९२० च्या वसंत ऋतूत काही आठवडे हीच चलने वर चढली आणि तेवढ्यात केन्स धुऊन निघाले. अर्नेस्ट कॅसल या धनवंताने दिलेल्या पाच हजार पौंडांच्या कर्जावर ते तगले. दिशा अचूक, पण वेळ चुकलेली. वायदेबाजारात हात पोळलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

पुढच्याच वर्षी त्यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ आला. प्रत्येक शक्यता आकड्यात मोजता येत नाही, हे त्याचे एक प्रमुख प्रतिपादन. तरीही तेजीमंदीचे चक्र ओळखून नफा काढता येईल, ही उमेद त्यांनी सोडली नव्हती. १९२९ च्या पडझडीने ती सोडविली. या थोर अर्थशास्त्रज्ञाला ती आधी दिसली नाही. तेथून त्यांनी रीत बदलली. बाजाराची नाडी पाहणे सोडून, ज्यांचा कारभार समजतो अशा मोजक्या कंपन्या निवडायच्या आणि वाईट दिवसांतही धरून ठेवायच्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे खजिनदार म्हणून त्यांनी हाच मार्ग अवलंबिला. मृत्यूसमयी त्यांची स्वतःची मालमत्ता सुमारे ४ लाख ८० हजार पौंडांची होती.

मंदीने सारे हवालदिल झाले असता, १९३० मध्ये, त्यांनी आपल्या नातवंडांच्या आर्थिक भवितव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. (त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते.) शंभर वर्षांत प्रगत देशांतील राहणीमान चार ते आठ पट होईल आणि आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असे त्यांचे भाकीत होते. मोठी युद्धे होणार नाहीत आणि लोकसंख्या फारशी वाढणार नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. नऊ वर्षांत महायुद्ध पेटले, लोकसंख्याही वाढली. तरी उत्पन्नाचा अंदाज ब्रिटनपुरता २०३० च्या आधीच खरा ठरला! कामाच्या तासांचा मात्र साफ फसला. पोट भरल्यावर माणूस थांबेल, असे त्यांना वाटले होते. आणि ज्या भारताच्या चलनावर त्यांनी पहिला ग्रंथ लिहिला, तसे देश या हिशेबात जवळजवळ नव्हतेच.

१९३६ च्या मुख्य ग्रंथात त्यांनी उद्योजकाच्या मनाकडे दृष्टी वळविली. कारखाना उभारणारा माणूस पुढील वीस वर्षांच्या नफ्याचे गणित मांडून उडी घेत नाही. ते गणित मांडताच येत नाही. तो एका आंतरिक ऊर्मीवर उडी घेतो, आणि ही ऊर्मी विझली की व्याजदर कितीही उतरवा, यंत्रे थंडच राहतात. शेअर बाजाराला त्यांनी वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली. तेथे सुंदर चेहरा निवडायचा नसतो, इतरांना कोणता आवडेल हे ओळखायचे असते. दलाल स्ट्रीटवर उमेदवारी केलेल्यांना ही उपमा परकी वाटू नये. युरोपात युद्ध होईल का किंवा वीस वर्षांनी तांब्याचा भाव काय असेल, अशा बाबतींत संभाव्यतेचे कोणतेही शास्त्र उपयोगी नाही, असे त्यांनी १९३७ च्या एका लेखात बजावले.

त्याच वर्षी हृदयविकाराने त्यांना गाठले. तरी १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर जगाची चलनव्यवस्था घडविण्यात, आणि पुढल्या वर्षी अमेरिकेकडून कर्ज मिळविण्यात, त्यांनी उरलेली शक्ती वेचली. २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ससेक्समधील टिल्टन येथे त्यांचे निधन झाले. वृद्ध आईवडील तेव्हा हयात होते. आपली रक्षा किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये ठेवावी, असे त्यांनी मृत्युपत्रात नमूद केले होते. भावाला ते आठवले नाही, आणि त्याने ती टिल्टनच्या माथ्यावरील टेकड्यांवर विखुरली.