रेजी व्हाइट : मैदानातून शास्त्राकडे

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकला जाण्यापूर्वीच प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला पाडणे यास ‘सॅक’ म्हणतात. या कौशल्यात श्रेष्ठ कोण? १९८२ पासूनच्या अधिकृत नोंदींत ब्रूस स्मिथ यांचे २०० सॅक, तर रेजी व्हाइट यांचे १९८. परंतु स्मिथ २७९ सामने खेळले, व्हाइट २३२.

व्हाइट यांचा जन्म १९६१ साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे झाला. सतराव्या वर्षीच त्यांना बॅप्टिस्ट पाळकपदाची दीक्षा मिळाली. जानेवारी १९९७ मधील सुपर बोल या अंतिम सामन्यात त्यांनी ग्रीन बे पॅकर्ससाठी तीन सॅक केले व संघ विजयी झाला. त्यांच्या उपदेशास गर्दी लोटे.

निवृत्तीनंतर मात्र त्यांना एक सत्य बोचू लागले : मंडळ्या आपणांस बोलावितात ते खेळातील कीर्तीमुळे, वचनाचे आपले ज्ञान तोकडेच आहे. तेव्हा हा महाकाय वीर विद्यार्थी झाला. जुना करार मुळातून वाचता यावा म्हणून ते इब्री भाषा शिकू लागले. २६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा सॅकचा विक्रम २००३ मध्येच स्मिथ यांनी मोडला होता. वाचकहो, आपण व्यासपीठावर कोणास बोलावितो, आणि कशासाठी, हा त्यांचा प्रश्न मात्र आपल्यापुढे उभाच आहे.