एचपी, व्हीपी आणि गास्पार मोंज

फर्स्ट इयरची मुलं ईडीची शीट घेऊन रात्री होस्टेलच्या व्हरांड्यात बसली, की मला हमखास एक प्रश्न विचारतात : हे एचपी-व्हीपी काढलं तरी कुणी? तर मित्रांनो, त्या माणसाचं नाव गास्पार मोंज.

१७४६ साली फ्रान्समधल्या बोन या गावी एका किरकोळ व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. तरुणपणी त्याने गावाचा नकाशा काढला, मोजणीची साधनंही स्वतःच बनवली. तो नकाशा बघून एका लष्करी अधिकाऱ्याने त्याची मेझियेरच्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये सोय केली. पण तिथे अधिकारी व्हायला खानदान लागायचं. मोंजला जागा मिळाली ती ड्राफ्ट्समनच्या वर्कशॉपमध्ये.

एकदा त्याला एका किल्ल्याचं काम मिळालं. शत्रूचा मारा आत पोचू नये म्हणून तट कुठे किती उंच हवा, ते काढायचं. त्या काळी यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ते भूमितीने इतक्या झटपट सोडवलं, की अधिकारी उत्तर तपासायलाच तयार होईना! तपासल्यावर मात्र पद्धत पटली, आणि पुढे कित्येक वर्षं ती लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद राहिली.

युक्ती आपल्या ओळखीचीच आहे. वस्तू काटकोनातल्या दोन प्रतलांवर उतरवायची आणि एक प्रतल एक्सवाय रेषेभोवती फिरवून दोन्ही चित्रं एकाच कागदावर आणायची. दोन्हीकडे तिरकी असलेली रेषा घ्या. तिचा टॉप व्ह्यू एक्सवायला समांतर होईपर्यंत फिरवला, की फ्रंट व्ह्यूमध्ये खरी लांबी चक्क पट्टीने मोजता येते. प्रश्न तोच, फक्त मांडणी बदलली!

राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली मोंजने हे गुपित पॅरिसमध्ये वर्गात उघडपणे शिकवलं. १७९४ साली निघालेल्या एकोल पॉलिटेक्निकच्या उभारणीतही तो पुढे होता. खानदान नसलेल्या मुलांनाही आता ही विद्या खुली झाली.

नेपोलियनशी दोस्ती मात्र महागात पडली. त्याच्या पाडावानंतर १८१६ साली मोंजला विज्ञान अकादमीतून काढून टाकलं. १८१८ साली तो वारला, तेव्हा विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेला जायची परवानगी नव्हती. ती पोरं नंतर त्याच्या कबरीवर गेलीच.

सरांना माझी एक विनंती आहे. स्टेप्स लिहून देण्याआधी पुठ्ठ्याची दोन प्रतलं हातात द्या. आणि ज्युनिअर्सना सांगणं एवढंच, की गणित अडलं तर आकडे थोडे बाजूला ठेवा आणि दुसरं चित्र काढून बघा!