विश्लेषण : तबकड्या पुन्हा फिरू लागल्या, माडगूळच्या गदिमांचे गाणे त्यांत मावले कसे?

आटपाडीच्या वरातीत डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेले कर्णे आणि पेनड्राइव्ह. पण या शब्दातला ‘डी’ डिस्कचा, म्हणजे तबकडीचा आहे. दोन टर्नटेबलांवर दोन तबकड्या फिरवत एका गाण्यातून अलगद दुसऱ्यात शिरायचे, हा मूळ खेळ. तो सोडून दिलेले अनेक जण आता छंद म्हणून पुन्हा त्याकडे वळत आहेत. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्या सीडीपेक्षा जास्त संख्येने खपल्या. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. मराठी घरात या छंदापायी माळा उपसला, तर एक नाव बहुधा हाती लागते ते ग. दि. माडगूळकरांचे. आटपाडी तालुक्यातल्या या माणसाचे आयुष्य तबकडीच्या वाढत्या लांबीबरोबरच पुढे सरकले.

माडगूळ ते कोल्हापूर

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. घराण्याचे गाव माडगूळ. हा सारा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता आणि वडील संस्थानच्या नोकरीत. शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असे फिरत झाले. गणिताने दगा दिला आणि मॅट्रिक राहून गेले. घरची ओढाताण होती, त्यामुळे पोरगा पोटासाठी कोल्हापूरला गेला. तिथे सिनेमाच्या कंपन्या होत्या.

१९३८च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये त्यांना छोटी भूमिका मिळाली. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले. दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेताना कान तयार झाला असणार. पुढे गाणी, संवाद, पटकथा असे जे मागितले जाईल ते लिहिणारा माणूस म्हणून त्यांची ओळख झाली. याच कोल्हापुरात सुधीर फडके भेटले. दोघांचेही खिसे रिकामे होते. फडके १९४१ साली एचएमव्हीत काम करू लागले आणि ही जोडी तबकडीपर्यंत पोहोचली.

तीन मिनिटांची शिस्त कोणती?

त्या काळची तबकडी विनाइलची नव्हती, ती लाखेची. मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि हातातून पडली की फुटायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. त्यात सुरुवातीचे वाद्यसंगीत, धृपद, दोन-तीन कडवी आणि मधले तुकडे बसवायचे. जागा संपली की सुई थेट मधल्या लेबलापाशी जाऊन थांबे. म्हणजे कवीला एक कडवेही जास्तीचे परवडत नसे.

गदिमांना हे बंधन मानवले. पहिल्याच ओळीत चित्र उभे करायचे आणि शब्द असा ठेवायचा की चाल त्यावर आपोआप बसावी, ही त्यांची हातोटी. कीर्तन, ओवी, लावणी यांचा कान लहानपणापासून होता. १९४७च्या ‘रामजोशी’साठी त्यांनी कथा-संवादांबरोबर लावण्या लिहिल्या, तेव्हा त्या जुन्या शाहिरांच्याच वाटल्या. पुढे दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले गेले.

आटपाडीच्या वाचकांना जवळची अशी एक गोष्ट याच प्रवासातली. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. भिंती-बेड्यांऐवजी शेती आणि विश्वास, असा तो प्रयोग. त्यावरूनच गदिमांना ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा सुचली. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९५७ साली आला.

गीतरामायणाला तबकडी अपुरी का पडली?

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, शब्द गदिमांचे, चाल फडक्यांची. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि ते पुन्हा लिहून द्यावे लागले, हा किस्सा पुणेकर अजून सांगतात. १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका संपली तेव्हा ५६ गीते झाली होती.

नभोवाणीवर तीन मिनिटांचा धाक नव्हता. रामकथेतली पात्रे आपापली बाजू मांडू लागली आणि कित्येक गीतांना सात-आठ कडवी झाली. ७८च्या तबकडीवर हे बसवायचे तर कडवी कापावी लागली असती किंवा गाणे मध्येच उलटावे लागले असते. मिनिटाला ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीसेक मिनिटे वाजणारी लाँग प्ले विनाइल तबकडी रुळल्यावर हा प्रश्न सुटला. फडक्यांच्या आवाजातले गीतरामायण एचएमव्हीने पुढे लाँग प्लेवर आणले. ते एका तबकडीत मावणारे नव्हतेच, त्यामुळे संच जुळवणे हा आज संग्राहकांचा स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे.

गदिमा १९६२ ते १९७४ विधान परिषदेवर होते. १९६९ साली पद्मश्री मिळाली, १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. मात्र लिहायला निवांतपणा हवा असला की ते माडगूळला जात. शेतातले पत्र्याचे घर, ‘बामणाचा पत्रा’, ही त्यांची आणि धाकटे बंधू व्यंकटेश यांचीही आवडती जागा. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या तबकड्यांवर मिक्सिंग जमते का?

लाखेची तबकडी डीजेच्या टर्नटेबलावर ठेवू नये. एक तर अनेक यंत्रांत ३३ आणि ४५ हेच वेग असतात. शिवाय ७८ची खाच रुंद असल्याने तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. तबकडी हाताने मागेपुढे घासण्याचा प्रकार तर तिला फारच महागात पडतो. लाँग प्ले चालते, पण तिथे अडचण दुसरीच आहे. नृत्यसंगीताचा ठेका यंत्रासारखा एकसारखा असतो, म्हणून दोन गाणी जुळतात. तबलजी मात्र गायकाच्या श्वासाबरोबर किंचित पुढेमागे होतो. वेगाची पट्टी कितीही सरकवली तरी दोन ठेके थोड्याच वेळात एकमेकांना सोडतात. म्हणून जाणते हौशी अशा वेळी ठेका जुळवायच्या भानगडीत पडत नाहीत. पहिले गाणे पूर्ण संपू देतात, आणि स्वर जुळेल असे दुसरे निवडून मगच त्यावर सुई टेकवतात.