रविवार मिळवून देणारा माणूस

नवे कॅलेंडर घरात आले की आधी पाहिल्या जातात त्या लाल तारखा. दिवाळी कोणत्या वारी आली, पाडवा रविवारी पडून सुटी बुडाली तर नाही ना, दोन सुट्यांच्या मध्ये एक रजा टाकली तर गावाकडे जाऊन येता येईल का, असे हिशेब घरोघरी सुरू होतात. मराठवाड्यात त्यात पोळ्याची भर पडते. नोकरी शहरात असली तरी बैल सजतात ते गावात!

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात असलेले अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. कारखान्याच्या गावात सुट्यांचा हिशेब जरा वेगळा असतो. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होते. एकदा बॉयलर पेटला की यंत्रे रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालतात. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही, त्यामुळे रविवार आला म्हणून कारखाना थांबवता येत नाही. मग साप्ताहिक सुटी पाळीपाळीने येते. एकाचा रविवार सोमवारी, तर दुसऱ्याचा बुधवारी. लग्नाची तारीख, जत्रा, मुलीचे माहेरपण, सारे त्या पाळीपत्रकात बसवावे लागते. तरीही आठवड्याचा एक दिवस आपला आहे आणि तो कोणता हे आधी ठाऊक आहे, एवढा भरवसा कामगाराला असतो.

हा भरवसा आपोआप आलेला नाही. तो मिळवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे फुलमाळी समाजातले, परिस्थिती बेताची. नारायणरावांनी रेल्वेत नोकरी केली, टपाल खात्यात केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. त्या गिरणीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. भांडाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला गिरणीत कोण किती वाजता येतो, कोण कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो, हे रोज दिसत होते.

कापडगिरण्या तेव्हा मुंबईत नव्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या गिरणीत दोनच वर्षांनी सूत निघू लागले आणि पाहता पाहता गिरण्यांची धुराडी वाढत गेली. कोकणातून आणि घाटावरून माणसे कामाला येऊ लागली. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा की कामही तेवढे मोठे, तेरा-चौदा तासांचेसुद्धा. सुटी मिळे ती मोठ्या सणांना. एरवी यंत्रे पुसण्यासाठी गिरणी बंद राहिली, तर ती पुसायला पुन्हा कामगारच लागत. सुटी केव्हा द्यायची, हे मालकाच्या मर्जीवर होते.

दुसरी अडचण पगाराची होती. महिना सरला तरी पगार हातात पडत नसे. तो कित्येक दिवस गिरणीकडे अडकून राही. शिमग्याला किंवा पेरणीला गावी जायचे म्हटले की मागे राहिलेल्या पैशांवर पाणी सोडण्याची भीती. त्यात मुंबईच्या गिरण्यांमध्ये डबल खाड्याची चाल होती. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा! रजेचे बेत आखणे ही चैन त्या माणसाला परवडणारी नव्हती.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या; मोठ्यांबाबत तो गप्पच राहिला. त्याच सुमारास लोखंडे लेखणीकडे वळले होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतले. गिरणीच्या आत काय घडते हे छापून येऊ लागले आणि कामगाराला आपले गाऱ्हाणे मांडायला जागा मिळाली.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. गिरणी कामगारांची संघटनाही याच वर्षी उभी राहिली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या नावे एक अर्ज तयार झाला. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

रविवारच का, हा प्रश्न कोणालाही पडेल. तो साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस. गिरणी कामगारांत हिंदू होते, मुसलमान होते. मालकांत पारशी होते, भाटिये होते. प्रत्येकाचा सण निराळा आणि गावोगावची जत्राही निराळी. सणांवर सोडले तर एकाला सुटी आणि दुसऱ्याला काम, असेच चालत राहणार. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी होतीच. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी मांडल्याचे सांगतात. पण मुद्दा वाराच्या नावाचा नव्हता. सुटी ठरलेली हवी, सगळ्यांना हवी आणि आधी ठाऊक हवी, यासाठी झगडा होता. ज्याला पुढचा रविवार आपला असल्याची खात्री आहे, तोच बहिणीला निरोप धाडू शकतो, आजारी आईला भेटायचा दिवस ठरवू शकतो.

त्या अर्जाने लगेच काही हलले नाही. सरकारने चौकशा केल्या, पण कायदा जागच्या जागी राहिला. लोखंड्यांनी मात्र विषय सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी हे धाडस मोठेच. दळण, पाणी, धुणे, लेकरे हे सारे उरकून पहाटे गिरणी गाठणारीला आठवड्याच्या एका मोकळ्या दिवसाची किंमत कोणी समजावून सांगायला नको होती.

तिकडे इंग्लंडमध्ये लँकेशायरचे गिरणीवालेही हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर बंधने घाला, म्हणून सरकारच्या मागे लागले होते. त्यात आपल्या मालाला स्पर्धा नको, हा स्वार्थ उघड होता आणि त्याकडे बोट दाखवून इकडचे मालक सुधारणा टाळत. एकीकडे परक्यांचा स्वार्थ, दुसरीकडे आपल्यांची टाळाटाळ. अशा कात्रीत लोखंडे कामगाराची बाजू कामगाराच्या तोंडून मांडत राहिले. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्या वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामातही लोखंड्यांना सामील करून घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. कापडगिरणीतल्या पुरुषांना मात्र बारा तासांच्या मर्यादेसाठी १९११ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली, तेव्हा सलोख्यासाठी लोखंडे झटले. सरकारने त्यांना रावबहादुर केले. १८९६ मध्ये प्लेग आला आणि तो आधी दिसला तो मांडवीतच. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे थांबले आणि रोग्यांच्या सेवेला लागले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच कारणाने गेल्या.

स्वतंत्र भारतात १९४८ चा कारखाना कायदा आला, तेव्हा लोखंड्यांची मागणी आणखी पक्की झाली. रविवारी काम घेतले तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी आणि सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, असे त्यात ठरले. रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यांतली पाळीची सुटी अशाच तरतुदींवर उभी राहिली.

पण कारखान्याच्या फाटकापाशी ही गोष्ट संपत नाही. तिथे येणारा ऊस ज्यांच्या कोयत्याने तुटतो, त्यांचे काय? बीड, जालन्यासारख्या जिल्ह्यांतून दसरा झाला की हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडतात. त्यांची दिवाळी फडातच होते. मजुरी टनावर, त्यामुळे आठवड्याची सुटी नाही. आणि आजारपणाने एक दिवस बुडाला तर अनेक ठिकाणी दंड कापला जातो. त्या दंडालाही 'खाडा' हेच नाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत जो शब्द कामगाराला धडकी भरवी, तो आज उसाच्या फडात ऐकू येतो.

आज रविवार. हे पान वाचायला आपल्याला सवड मिळाली, ती एका स्टोअरकीपरच्या चिकाटीमुळे. कॅलेंडरवरच्या लाल तारखा पाहून पुढच्या महिन्याचे बेत आखताना, ज्यांच्या वाट्याला अजून एकही लाल तारीख आलेली नाही, त्यांची आठवण ठेवणे हेच लोखंड्यांचे खरे स्मरण ठरेल.