गाडगेबाबांची वाट आणि कुंताबाईंचे तप

महाशिवरात्र हे शिवपार्वतीच्या विवाहाचे पर्व. हाती कपाल घेऊन भिक्षाटन करणारा आणि स्मशानात वसणारा तो वर पाहून मेनामातेस मूर्च्छा आली, असे पुराण सांगते. पार्वतीने मात्र त्याच्याचसाठी तप आचरिले होते. ती डगमगली नाही. याच पर्वदिनी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी व सखूबाई जानोरकर या परीट दांपत्याच्या पोटी देबूजीचा जन्म झाला. हेच आपले गाडगेबाबा. आज त्यांचे चरित्र आळविताना त्यांच्या धर्मपत्नी कुंताबाई यांचेही स्मरण व्हावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

मद्यपानाच्या व्यसनाने झिंगराजींचा देह १८८४ साली पडला. सखूबाई लेकराला घेऊन अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. मामाची गुरे राखावी, नांगर धरावा, पूर्णेच्या पात्रात पोहावे आणि रात्री भजनात रंगावे, असे देबूजीचे बालपण गेले. १८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. पुढे सावकारी कर्जात मामाची जमीन गेली. दारू आणि कर्ज यांनी गरिबाचे घर कसे बुडते, हा पाठ देबूजीस कोणत्याही पोथीवाचून मिळाला. मुलीच्या बारशास मद्यमांसाचे जेवण घालण्याची रूढी त्यांनी मोडली आणि आप्तांना गोडाचे भोजन वाढले. या कृतीने भावकी रुष्ट झाली. घरच्या बायामाणसांना तो रोष निमूटपणे सोसावा लागला असेल, हे सांगावयास नको.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री देबूजींनी गृहत्याग केला. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि मातीचे गाडगे. मागे वृद्ध माता, तरुण पत्नी आणि लहान मुले. उपनिषदातील याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयीस आपला मनोदय सांगतो आणि मालमत्तेची वाटणी करू पाहतो. देबूजींपाशी वाटण्याजोगे काही नव्हते, आणि ते निघाले तेही कोणास न सांगता. पार्वतीने तप स्वेच्छेने पत्करिले होते. कुंताबाईंवर ते एका रात्रीत येऊन पडले.

पुढील बारा वर्षांची वाट काट्यांची होती. एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच आणि डोक्यावर फुटके गाडगे, असा तो वेष पाहून गावची कुत्री भुंकत, पोरे वेडा समजून मागे लागत, तर कोठे चोर समजून हाकलून देत. बाबा खराटा घेऊन त्याच गावचे रस्ते झाडीत आणि श्रमाच्या मोबदल्यात भाकर मागत. सत्काराचा रंग दिसला की दुसऱ्या गावची वाट धरीत.

अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. पूर्णेच्या निसरड्या काठावरून भाविक पडत. बाबांनी स्वतः माती खणून तेथे वाट केली आणि पुढे लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. कुंताबाईंचा पुढील संसार याच ऋणमोचनी, एका झोपडीत झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उठल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. सहस्रावधी वाटसरूंना छप्पर देणाऱ्या या सत्पुरुषाने यांपैकी कोणत्याही वास्तूवर आपल्या कुटुंबाचा हक्क ठेविला नाही.

१९२३ साली पुत्र गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणास होते. वार्ता आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही. आम्ही कीर्तनकार हा प्रसंग वैराग्याचा दृष्टांत म्हणून सांगतो आणि श्रोते डोळे पुसतात. परंतु शोक विसरावयास बाबांपाशी समोर बसलेला समुदाय होता, टाळांचा गजर होता. कुंताबाईंना तोही आधार नव्हता. हा दृष्टांत सांगताना त्या मातेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ नये, असे आम्ही मानतो.

बाबांचे कीर्तन आमच्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीतले नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न करीत आणि उत्तर त्यांच्याच मुखातून काढीत. पशुबळी देऊ नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हाच त्यांचा उपदेश. पंढरीस वर्षानुवर्षे जाऊनही ते राउळात न शिरता वाळवंट झाडीत राहिले. १९५२ साली त्यांच्या कार्यासाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले, तरी ऐंशीच्या उंबरठ्यावरही त्यांची भ्रमंती सुटली नाही. अखेर २० डिसेंबर १९५६ रोजी, रुग्णावस्थेत अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. घर सोडून निघालेला हा पथिक अखेरच्या क्षणीही वाटेवरच होता. त्यांची समाधी अमरावतीस आहे आणि तेथील विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे.

वाचकहो, आज शिवालयात बेल वाहिल्यावर पायऱ्यांवर पडलेली पाने आणि द्रोण उचलून मगच घरी परतावे. उपवासाच्या फराळातील एक वाटा दारी आलेल्या भुकेल्यास द्यावा. आणि ज्या माउलीने दिवसभर निराहार राहून घरादाराचा फराळ रांधला, तिला रात्री पूजेच्या वेळी स्वयंपाकघरात न ठेवता आपल्या शेजारी पाटावर बसवावे. बाबांच्या व कुंताबाईंच्या चरणी आमचे हेच वंदन.